समुद्रात ‘वाया’ जाणारं पाणीच उपनगरातल्या बोअरवेल गोड ठेवतं, ते कसं?

एप्रिल २०२५. उन्हाचा कडाका वाढलेला, तलावांची पातळी रोज खाली जातेय आणि नेमक्या त्याच वेळी, १० तारखेला, मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप पुकारला. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं यांची पुरती पंचाईत झाली. शेवटी मुंबई महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ लागू करून खासगी विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याची तयारी केली आणि १४ तारखेला संप मिटला.

संपाचं कारण होतं केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे २०२० चे नियम. टँकरसाठी विहीर किंवा बोअरवेल चालवायची तर प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, विहिरीपाशी २०० चौरस मीटर जागा हवी, उपसा मोजणारा डिजिटल मीटर हवा, अशा त्या अटी. महापालिकेने विहीरमालकांना नोटिसा धाडल्या आणि वाद पेटला. मुंबईत २०० चौरस मीटर मोकळी जागा कुणाकडे आहे, हा टँकरवाल्यांचा सवाल काही अगदीच चुकीचा नव्हता.

पण या वादात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं. सोसायटीच्या मिटिंगमध्येही ते एरवी हमखास ऐकू येतं. ‘मुंबई समुद्राला लागून आहे, जमिनीखालचं पाणी उपसलं नाही तर ते शेवटी समुद्रातच जाणार. मग उपसलं तर बिघडलं कुठे?’

ऐकायला पटतं. अर्धं खरंही आहे, कारण पाणी समुद्रात जातंच. मात्र ते तिकडे जात असतं म्हणूनच समुद्र तुमच्या बोअरवेलमध्ये येत नाही. आता यातलं किती पाणी काढता येईल आणि किती जाऊ द्यावं लागेल, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी जगभर भूजलाचं मॉडेल बांधतात.

पण उपनगर हे बेट कधीपासून झालं?

बेट म्हटलं की डोळ्यांसमोर कुलाबा, माहीम, वरळी ही जुनी सात बेटं येतात. अंधेरी-बोरिवलीला कुणी बेट म्हणत नाही. पण नकाशा उघडून बघा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि मिठी नदी. मधे जे उरतं ते साष्टी बेट. सहासष्ट गावांचं म्हणून ‘साष्टी’, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. पोर्तुगीजांनी त्याचं सालसेट केलं. मुंबईची पश्चिम आणि पूर्व उपनगरं आणि ठाणे शहराचा मोठा भाग या एकाच बेटावर वसलेला आहे.

या बेटाच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. विहार आणि तुळशी हे तलाव तिथलेच. विहारचं काम १८६० साली झालं आणि तुळशीचं १८७९ साली. आज मुंबईला सात तलावांमधून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं बहुतेक सगळं भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या धरणांमधून येतं. विहार-तुळशीचा वाटा आता अगदी छोटा राहिलाय.

डोंगरावर पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना उतरतो. थोडा अंधेरी, मालाड, बोरिवलीकडून समुद्राकडे, थोडा मुलुंड, भांडुप, घाटकोपरकडून ठाण्याच्या खाडीकडे. नाल्यांमधून उतरणारा आपल्याला दिसतो. तोच उतार जमिनीखालीही आहे आणि तिथूनही पाणी संथपणे खारटाकडे सरकत असतं.

हे पाणी ओळखण्यात इथली माणसं पूर्वापार तरबेज होती. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांमध्ये जवळपास प्रत्येक गुहेशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथल्या शिलालेखांमध्ये या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ सालची. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता, तरी त्या विहिरीचं पाणी गोडं होतं आणि आजही आहे. लोकांना हा चमत्कार वाटतो. त्यामागे पाण्याच्या वजनाचा साधा हिशेब आहे.

गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं

समुद्राचं पाणी मिठामुळे जड असतं. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं धरलं, तर एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १,०२५ ग्रॅम भरतं. फरक फक्त २५ ग्रॅमचा. पण त्यामुळे बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, बर्फाचा तुकडा ग्लासात तरंगतो तसं. थोडा भाग वर, बराचसा खाली.

डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन याने १८८०च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्गने १९०१ साली, दोघांनी स्वतंत्रपणे हे गणित मांडलं. हर्झबर्ग उत्तर समुद्रातल्या नॉर्डर्नाय नावाच्या बेटावर पाणीपुरवठ्याचं काम बघत होता. त्याच्या लक्षात आलं की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल, त्याच्या साधारण ४० पट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी सापडतं. म्हणजे विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली जवळपास ४० मीटर गोडं पाणी.

आनंदाची बातमी वाटते ना? आता हाच हिशेब उलटा करा. उपसा करून पातळी अर्धा मीटर उतरवली तर खालचं खारं पाणी कालांतराने २० मीटर वर सरकतं. आणि ते सगळीकडे सारखं वर येत नाही. जिथे पंप चालू आहे, तिथे बरोबर त्याच्याखाली शंकूसारखा सुळका करून येतं. त्यामुळे शेजारच्या दोन सोसायट्यांपैकी एकीचं पाणी मचूळ आणि दुसरीचं चांगलं, असं होऊ शकतं.

पाणी बिघडायला फार खारं लागतही नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा आहे लिटरमागे २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,००० मिलिग्रॅम. म्हणजे १०० लिटर गोड्या पाण्यात दीड लिटर समुद्र मिसळला की पहिली मर्यादा ओलांडली आणि पाच लिटर मिसळला की दुसरीच्या उंबरठ्यावर. उपनगरातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याला नाही, तर फ्लश, बाग आणि गाड्या धुवायला वापरतात हे खरं. पण मचूळ पाण्याने पाइप गंजतात, पंप खराब होतात, झाडं जळतात. ते बांधकामाला वापरलं तर भिंतींमधलं लोखंडही गंजतं.

गोडं पाणी समुद्राकडे वाहत राहिलं तर हे मिश्रण बाहेर ढकललं जातं. तो प्रवाह ही एक भिंत आहे. आपण तिला ‘वाया जाणारं पाणी’ म्हणतो.

खडकात पाणी मावतं तरी किती?

वरचा ४० पटीचा नियम वाळूच्या बेटांवर सुरेख चालतो. साष्टीच्या पोटात मात्र वाळू नाही, ज्वालामुखीचा खडक आहे. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल आठवा. इमारतींच्या गराड्यात उभा असलेला काळ्या दगडी खांबांचा तो सुळका. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याला तसे उभे तडे गेले. कान्हेरीच्या परिसरात ज्वालामुखीच्या तुकड्यांनी बनलेला वेगळा दगड आहे, तर मढ-मनोरीकडे फिकट रंगाचा आणखी वेगळा. हे सगळे थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि त्यांना छेदत जाणाऱ्या खडकाच्या उभ्या भिंतीही आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. एखादी डाइक जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते, तर एखादीच्या कडेच्या भेगांमधून पाणी पळतं.

वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा जाळीदार खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, असा साधारण क्रम. पाणी मावतं ते पहिल्या दोघांत, पाषाणात जवळपास नाहीच. म्हणून तर अजूनही बोअर मारण्याआधी कुणीतरी नारळ हातात धरणारा पाणाड्या बोलावतं. भेग लागली तर धो धो, नाही तर धूळ. लागलेल्या पाण्याचं श्रेय नारळाला मिळतं.

आता आकडे बघू, कारण खरी गोष्ट इथे आहे. देशात भूजलाचं मोजमाप करण्यासाठी जी सरकारी पद्धत आहे, तिच्यात अशा बेसॉल्ट खडकासाठी दोन ढोबळ प्रमाणं धरतात. एक, खडकातून सुटू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के. दोन, पडणाऱ्या पावसापैकी मुरणारा हिस्सा मुरमाड बेसॉल्टमध्ये साधारण ७ टक्के, जाळीदार आणि भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये १३ टक्के.

तुमच्या सोसायटीचा प्लॉट १,००० चौरस मीटरचा, म्हणजे पाव एकराचा आहे असं धरा. त्याच्याखालची पाणीपातळी एक मीटरने उतरवली तर हातात येतं २० हजार लिटर पाणी. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. फक्त दोन!

आता पाऊस. सांताक्रूझला पावसाळ्यात सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचे ७ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर. आपल्या प्लॉटवर त्याचे होतात १ लाख ६१ हजार लिटर, १६ टँकर. वर्षभराचे. तेही जमीन उघडी असेल तर. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातले असतील तर त्याहून कमी.

याउलट दिवसाला फक्त दहा टँकर भरणारी एक विहीर घ्या. वर्षात ३०० दिवस चालली तर तीन कोटी लिटर. एवढं पाणी मुरायला त्याच हिशेबाने ४६ एकर उघडी जमीन लागते. विहीर तेवढ्यातच बसलेली असते, पाणी मात्र ४६ एकरांवरचं ओढते. शेजाऱ्यांना विचारून नाही.

इथे एक गंमतही आहे. १६१ मिलिमीटर पाणी २ टक्के जागा असलेल्या खडकात गेलं तर पातळी आठ मीटर वर येईल. पण अनेक ठिकाणी एवढी जागाच नसते. म्हणून कोकणातल्या कितीतरी विहिरी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरतात आणि पुढचा पाऊस नुसता वाहून जातो. दिवाळीनंतर पाणी उतारावरून भराभर खारटाकडे निघतं आणि मे महिन्यात तळ दिसतो. साष्टीत पाऊस भरपूर आहे, ते साठवणारं भांडं लहान आहे आणि त्याला खालून गळती आहे. रेनवॉटर हार्वेस्टिंगबद्दल बोलताना हे कुणी फारसं सांगत नाही. मुंबईत मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना २००२ पासून ते बंधनकारक आहे. पण भरलेल्या भांड्यात आणखी ओतून उपयोग नसतो. खड्डा कुठे खणला, तिथे खाली जागा आहे का, यावर सगळं ठरतं.

मग मॉडेल नक्की करतं काय?

मॉडेल म्हटलं की थर्माकोलचा डोंगर आणि निळी लोकर आठवत असेल तर ते नाही. हे मॉडेल म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची हिशेबवही.

सगळ्या बेटावर एक जाळी पसरायची, समजा १०० मीटर बाय १०० मीटरच्या चौकोनांची. खोलीतही थर पाडायचे, मुरूम, भेगाळ खडक, पाषाण. आता प्रत्येक खोक्याचा जमाखर्च मांडायचा. वरून पाऊस किती आला, शेजारच्या खोक्यांमधून किती आलं, किती गेलं, पंपाने किती काढलं, ओढ्याला किती मिळालं. एका खोक्यातून दुसऱ्यात पाणी किती वेगाने जाईल याचा नियम फ्रान्सच्या हेन्री दार्सीने दिजों शहरात वाळूच्या नळकांड्यांवर प्रयोग करून १८५६ साली मांडला. उतार जास्त तर पाणी जास्त, खडक घट्ट तर पाणी कमी, इतका तो साधा आहे. पण लाखभर खोक्यांचा हिशेब एकाच वेळी जुळवायचा तर कॉम्प्युटर हवा.

त्यासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८०च्या दशकात मॉडफ्लो नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. ते फुकट मिळतं आणि आजही जगभर हेच सगळ्यात जास्त वापरतात. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या वजनातला फरक धरायचा असेल तर त्याचंच सीवॉट नावाचं भावंड आहे.

बेटाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कडा. साष्टीच्या कडा सरळ नाहीत. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या घरात जातो, भांगाच्या दिवसांत बराच कमी असतो. खाडीकाठच्या विहिरीत हा चढउतार उमटतो. तो किती उमटतो यावरून खडक खाडीशी किती जोडलेला आहे हे कळतं. गोराई खाडीला एक हिशेब, दहिसर नदीच्या मुखाशी दुसरा, मुलुंड-भांडुपच्या मिठागरांपाशी तिसरा.

तिथे आणखी एक पेच आहे. चारकोप-गोराईची वसाहत खाजणावर भराव घालून उभी राहिली, पूर्वेकडे शतकभराहून जुनी मिठागरं. तिथलं भूजल खारट लागलं तर लगेच ‘समुद्र आत आला’ म्हणता येत नाही. ते मीठ मातीत मुळातच असू शकतं. जुनं मीठ आणि नवं मीठ वेगळं ओळखायचं तर एकाच विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं तपासावं लागतं. खारटपणा स्थिर असेल तर गोष्ट वेगळी, वाढत असेल तर वेगळी.

कागदावर मॉडेल बांधलं म्हणजे ते खरं ठरत नाही. आधी जुन्या नोंदींशी त्याची जुळवणी करतात. मागच्या दहा वर्षांचा पाऊस आणि उपसा त्याला द्यायचा आणि विहिरींच्या पातळ्या काढायला सांगायचं. मॉडेलचं उत्तर आणि प्रत्यक्ष नोंद यात फरक पडला की खडकाचे आकडे सुधारायचे. काही वर्षांच्या नोंदी मुद्दाम लपवून ठेवतात आणि शेवटी त्यांच्यावर परीक्षा घेतात. त्यात पास झालं तर पुढचे प्रश्न विचारायचे. उपसा दीडपट झाला तर? सलग दोन वर्षं पाऊस कमी पडला तर? समुद्राची पातळी आणखी वीस सेंटिमीटर वाढली तर?

आणि शहराच्या मॉडेलमध्ये दोन खाती अशी असतात जी गावाच्या मॉडेलमध्ये नसतात. पहिलं जमेचं. महापालिकेच्या जलवाहिन्यांमधून गळणारं पाणी. गळती आणि चोरी मिळून पुरवठ्याचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा जातो, असं वारंवार समोर आलंय. त्यातलं गळणारं पाणी जमिनीतच मुरतं. म्हणजे एखाद्या सोसायटीची ‘बारमाही’ विहीर खरं तर भातसा धरणाचं पाणी देत असण्याची शक्यता आहे! सांडपाण्याच्या गळक्या वाहिन्याही त्यातच आल्या. दुसरं खातं खर्चाचं. दोन-तीन मजली बेसमेंट खोदताना बिल्डर महिनोन् महिने पंप लावून पाणी उपसतात आणि गटारात सोडतात. समुद्रापासून जवळच्या प्लॉटवर अशी चार कामं एकदम चालू असतील तर त्यांचा परिणाम टँकरच्या विहिरीपेक्षा कमी नसतो. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र कायम टँकरवालाच उभा राहतो.

हवाईत काय झालं?

साष्टीसारखंच बेसॉल्टचं बेट म्हणजे हवाईमधलं ओआहू. होनोलुलू शहर तिथलंच. १८७९ साली तिथे पहिली खोल विहीर खणली गेली आणि पाणी आपोआप कारंज्यासारखं वर आलं. मग काय, उसाच्या मळ्यांनी आणि शहराने धडाधड विहिरी खणल्या. काही दशकांत पातळी घसरली, काही विहिरी खारट झाल्या. १९२९ साली होनोलुलूच्या पाण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं आणि उपशावर लगाम आला. पुढे १९८७ च्या राज्य कायद्यानुसार प्रत्येक जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या पट्ट्यातून, दिवसाला जास्तीत जास्त किती पाणी काढायचं याचे आकडे ठरवले जाऊ लागले. हे आकडे मॉडेलवरून निघतात. समुद्राकडे किती पाणी जाऊ द्यायचं हे त्यात आधी बाजूला काढलेलं असतं आणि उरलेलं वाटपाला.

दक्षिण कोरियाचं जेजू बेटही ज्वालामुखीचं. तिथे पिण्याचं पाणी जवळपास सगळं जमिनीखालून येतं आणि भूजल ही सार्वजनिक मालमत्ता मानली जाते. किनाऱ्याभोवती खास खारटपणा मोजण्यासाठी निरीक्षण विहिरी खोदलेल्या आहेत.

पण हवाईचा कित्ता साष्टीत जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथला खडक तुलनेने ताजा आहे, छिद्रांनी भरलेला. आपला कोट्यवधी वर्षं जुना, भेगा मातीने आणि खनिजांनी बुजलेल्या. तिथला जलधर जाडजूड गादीसारखा, आपला पातळ सतरंजीसारखा. हवाईत पूर्ण शहर भूजलावर चालतं. साष्टीत ते कधीच शक्य नाही, ते फार तर वरच्या वापराचा भार उचलेल. महापालिकेच्या आराखड्यात मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा दिवसाला २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आहे. म्हणजे एकीकडे विजेवर पैसे खर्चून समुद्राचं मीठ काढायचं आणि दुसरीकडे फुकट मिळालेल्या गोड्या पाण्यात ते मिसळू द्यायचं.

मॉडेलच्या मर्यादाही हवाईतच दिसल्या. २०२१ च्या अखेरीस होनोलुलूजवळच्या रेड हिल इथल्या नौदलाच्या भूमिगत टाक्यांमधलं इंधन पिण्याच्या पाण्यात शिरलं. गळतीनंतर ते जमिनीखाली कुठल्या दिशेला जाईल यावर तज्ज्ञांमध्येच वाद होता. शेवटी शहराच्या जल मंडळाने धोका नको म्हणून आपला जवळचा मोठा पंपिंग स्रोत बंद केला. भेगांच्या खडकात मॉडेल पूर्ण वॉर्डाचा हिशेब बऱ्यापैकी सांगतं. तुमच्या गेटजवळ बोअर मारला तर पाणी लागेल का, हे सांगत नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो पाणाड्याच समजा, हातात लॅपटॉप असला तरी.

नोंदी आणणार कुठून?

मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नोंदी फुकट नाहीत. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. राज्यभराचं चित्र काढायला ते पुरतं. पण अंधेरीच्या एका कोपऱ्यात डोंगर, दुसऱ्यात भराव आणि मधे मेट्रोचे खांब असताना दोन-चार विहिरींवरून काय कळणार? आणि सगळ्यात मोठं खातं, म्हणजे उपसा, ते तर मीटरशिवाय भरताच येत नाही. २०१९ साली काळबादेवीतल्या एका इमारतीतल्या विहिरींमधून ११ वर्षांत ७३ कोटी रुपयांचं पाणी बेकायदा विकल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला होता. आरोप खरा की खोटा ते न्यायालय बघेल. पण ११ वर्षं कुणाच्या वहीत त्या पाण्याची रीतसर नोंद नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

आता एप्रिल २०२५ च्या संपाकडे पुन्हा बघा. ज्या अटींवरून भांडण झालं त्यांपैकी जागेची अट मुंबईला न झेपणारी असेलही. पण डिजिटल मीटरची अट, आणि जास्त उपसा करणाऱ्यांना लागू असलेली पाणीपातळी मोजण्याच्या स्वतंत्र नळीची अट, या दोन्हींतून निघणारे आकडे म्हणजे मॉडेलचं अन्न आहे. दोन प्रकारच्या अटी एकाच नोटिशीत आल्या आणि एकाच फटक्यात बाजूला पडल्या.

सोसायट्यांनाही यात करता येण्यासारखं आहे, आणि त्याला फार खर्च नाही. विहीर किंवा रिंगवेल असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी पंप सुरू करण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतची खोली दोरी सोडून मोजायची. टीडीएस मीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, त्याने क्षार मोजायचे. खाडीपासून जवळ असाल तर एकदा उधाणाच्या भरतीला आणि एकदा भांगाला मोजा. दोन्ही वेळच्या आकड्यांत मोठा फरक येत असेल तर तुमची विहीर खाडीशी बोलतेय असं समजायला हरकत नाही. टीडीएस दर उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात खाली येत असेल तर ठीक. पावसाळ्यानंतरही तो खाली आला नाही, तर पंपाचे तास कमी करायची वेळ आली. वर्षातून एकदा प्रयोगशाळेत क्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. क्लोराइड वाढलं तर खाडीकडे बघा, नायट्रेट वाढलं तर सांडपाण्याच्या वाहिनीकडे.

राहिला प्रश्न त्या नोटिसांचा. संप मिटताना महापालिकेने विहीरमालकांना बजावलेल्या नोटिसांना १५ जूनपर्यंत स्थगिती दिली. जूनच्या मध्यावर मुंबईत पाऊस येतो, विहिरी भरायला लागतात आणि टँकरची मागणी घटते. मॉडेलला सगळ्यात जास्त हव्या असतात त्या नोंदी एप्रिल आणि मेच्या, जेव्हा पातळी तळाला आणि समुद्र सगळ्यात जवळ असतो.